आलेख सपाट झाला, म्हणजे आवाज सुधारला?

‘बसायच्या जागी माइक ठेवा, ऑटो ईक्यू चालवा, आलेख सपाट करून घ्या. मग खोली कशीही असो, स्पीकर कुठेही असोत!’ हा सल्ला जो तो पुढे पाठवतोय. (ईक्यू म्हणजे वेगवेगळ्या सुरांची पातळी कमी-जास्त करणारी सोय; ऑटो ईक्यू ते माइकच्या मोजमापावरून आपोआप करतो. आलेख म्हणजे कुठला सूर किती जोरात पोचतो, त्याचं चित्र.) त्यातलं माइक ठेवण्यापुरतं खरं आहे.

‘आलेखातला प्रत्येक खड्डा, म्हणजे दबलेला सूर, ईक्यूने भरतो.’ नाही भरत. स्पीकर मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल, तर भिंतीवरून परतणारा आवाज २ मीटर जास्त चालून येतो. ८६ हर्ट्झची तरंगलांबी साधारण ४ मीटर. म्हणजे परतलेली लाट बरोबर उलटी येते आणि थेट आवाज खाऊन टाकते. तिथे १० डेसिबल वाढवलेत, तर परतणारा आवाजही तेवढाच वाढतो. खड्डा जिथल्या तिथे. अॅम्प्लिफायरला मात्र त्या पट्ट्यात दहापट पॉवर ओतावी लागते आणि वूफर (जाड सूर काढणारा स्पीकर) उगाच धापा टाकतो. त्यापेक्षा स्पीकर भिंतीकडे सरकवा. अर्ध्या मीटरवर हाच खड्डा १७२ हर्ट्झच्या आसपास जातो, आणि तिथे भिंतीवरचं जाड शोषक पॅनेल कामाला येतं.

आलेखातल्या उंचवट्यांचं गणित वेगळं. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झला बास घुमतो. तो ईक्यूने जरूर कापा. त्या खुर्चीपुरता फरक लगेच कळतो.

‘सपाट म्हणजे अचूक.’ हे तर साफ चूक. मोकळ्या जागी सपाट मोजला जाणारा चांगला स्पीकर खोलीत मोजला, की आलेख बासकडून (जाड सूर) ट्रेबलकडे (बारीक सूर) हलकेच उतरतो. तो उतार ओढूनताणून सरळ केला, की झांजा कानाला टोचतात. माइक थेट आणि परतलेला आवाज एकत्रच मोजतो. कान आधी पोचलेल्याला मान देतो. म्हणून साधारण ३०० हर्ट्झच्या वर ऑटो ईक्यूला मोकळं रान देऊ नये.

‘एक मोजमाप पुरे.’ १० किलोहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. माइक बोटभर हलवला तरी वरचा आलेख बदलतो. डोक्याच्या आजूबाजूला पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी घ्या. (आणि मिरवले जाणारे ते देखणे आलेख? स्मूदिंग, म्हणजे आलेखाचे चढउतार गुळगुळीत करणं, किती लावलंय, ते आधी विचारा.)

राहिलं ‘खोली कशीही असो’. रिकाम्या भिंतींमध्ये शब्दाचं शेपूट लांबत असेल, तर ते ईक्यूने आखूड होत नाही. तिथे जाड पडदे, सोफा, भरलेली पुस्तकांची कपाटं लागतात. नुसता पातळ गालिचा टाकाल, तर ट्रेबल गिळला जाईल आणि बास तसाच घुमत राहील.