तिसरीतल्या मुलाचा होमवर्क नक्की कोणाचा?

शनिवारी संध्याकाळी आमच्या गोव्यातल्या फोंड्यात कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात डोकावा. तिसरी-चौथीचा होमवर्क कोण करतं ते कळेल. रांगेत सगळे आई-बाप, पोरं घरी.

शुक्रवारी वर्कशीट मिळते, सोमवारी जमा करायची. 'आपले मदतनीस': चित्रं चिकटवा, प्रत्येकावर इंग्रजीत पाच वाक्यं लिहा. आठ वर्षांच्या मुलाने पोस्टमनची रंगीत प्रिंट आणायची कुठून? मग बाबा प्रिंट काढतात, आई कापते, चिकटवते, आणि अक्षर मुलाचं वाटावं म्हणून डाव्या हाताने लिहिते. बाईंना हे कळत नाही असं थोडंच आहे! तरीही 'व्हेरी गुड'चा स्टार मिळतोच.

केंद्राचं २०२० चं स्कूल बॅग धोरण सांगतं की दुसरीपर्यंत होमवर्क नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला हं, रोज नव्हे. त्याच्याही आधी, १९९३ साली, अभ्यासाच्या ओझ्यावर केंद्रानेच नेमलेल्या यशपाल समितीने म्हटलं होतं की प्राथमिकच्या मुलांना होमवर्क देऊच नये. अपवाद एकच, घरच्या परिसरातला शोध.

आणि परिसराची आपल्याकडे काय कमी? चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधतात. कवंडाळ, घागऱ्या, आंबाडे, सुपारीचा घोस. यातलं काय रानातून आलं, काय बाजारातून, आजोबांना विचारून ये, एवढंच सांगा. मूल आठवडाभर आजोबांच्या मागे फिरेल. त्याऐवजी चवथीच्या सुट्टीत आमच्याकडे आलं काय, तर इग्लू रंगवा!

आजीचंही तेच. चौथीपर्यंत मराठीत शिकलेली बाई, पाढे तोंडपाठ, पण वर्कशीटवरच्या इंग्रजी सूचना तिला कळत नाहीत. आई-बाबा कामावरून येईपर्यंत मूल तिच्याजवळच असतं, तरी अभ्यासात तिचा उपयोग शून्य. मग तिसरीच्या पोराला ट्युशन. तीही कशासाठी, तर होमवर्क पुरा करायला!

दोष एकट्या शाळेचा नाही. होमवर्क कमी झाला की आमच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला मेसेज येतो, 'शाळेत काही शिकवत नाहीत वाटतं.' शिक्षक तरी काय करणार?

पुढच्या पालकसभेत मी दोनच गोष्टी मागणार आहे. मुलाला एकट्याने करता येईल तेवढंच द्या. आणि अर्धवट, वेडंवाकडं, खाडाखोड केलेलं आलं तरी तसंच घ्या. दुसरी गोष्ट पालकांनाच जास्त जड जाईल, तयारीत राहा.