कचिना बाहुल्यांना अंतराळात कोणी पाठवलं?

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या कचिना बाहुल्या म्हणजे पुरातन अंतराळवीरांच्या मूर्ती. डोक्यावर हेल्मेट बघा. होपी त्यांना अनु-नाकी म्हणतात, पूजतात. निळी कचिना आली की जग संपणार.’

आधी उच्चार. होपी लोक ‘कत्सिना’ म्हणतात; आपल्या ‘चमचा’तल्या च च्या जवळचा. कत्सिना म्हणजे त्यांच्या श्रद्धेतले पाऊस आणणारे आत्मे; नाचात मुखवटे घालून माणसं त्यांचं रूप घेतात, आणि बाहुल्या त्यांच्याच.

आता हेल्मेट. तो मुखवटा आहे, आणि त्यावर काय रंगवलंय ते फॉरवर्ड करणाऱ्याने पाहिलेलंच नाही. अर्धगोलांची उतरंड म्हणजे ढग, खालच्या उभ्या रेषा म्हणजे पाऊस. शिवाय वीज, मका, बेडकाची पिल्लं. रंगांतून दिशा कळतात: पिवळा वायव्येचा, निळा-हिरवा नैऋत्येचा, लाल आग्नेयेचा, पांढरा ईशान्येचा. गळ्याभोवती सदाहरित झाडाच्या फांद्या. सगळी खूण एकाच गोष्टीची, पाण्याची. उत्तर अॅरिझोनाच्या त्या कोरड्या पठारावर मका पावसाच्या भरवशावर पिकतो. ओल गाठायला बी वीतभर किंवा त्याहून खोल पेरतात. तिथे देवाकडे दुसरं काय मागणार?

कत्सिनांचा पत्ताही ठरलेला आहे आणि तो ताऱ्यांवरचा नाही. अॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ शहराजवळची सॅन फ्रान्सिस्को शिखरं, जिथे ढग जमतात, तिथे त्या राहतात. हिवाळ्यात गावात येतात, जुलैत ‘निमान’चा नाच झाला की परततात. मेलेली माणसंही ढग होऊन पाऊस आणतात, अशी होपींची श्रद्धा आहे.

पूजेचं म्हणाल, तर बाहुली ही मूर्ती नव्हेच. तिला ‘तिहू’ म्हणतात. पाण्याच्या शोधात खोल जाणाऱ्या कॉटनवूड झाडाच्या मुळापासून ती कोरतात आणि नाचाच्या वेळी कत्सिना ती मुलींना देतात. मग ती घरात भिंतीवर टांगली जाते. पोरी बघून बघून कोण कोण ते ओळखायला शिकतात.

‘अनु’ म्हणजे होपीत मुंगी. त्यावरून मेसोपोटेमियाचे, म्हणजे प्राचीन इराकचे, ‘अनुन्नाकी’ देव काढायचे, तर आपला ‘अणू’ही परग्रहावरून आला म्हणायचा!

निळ्या कचिनेची, म्हणजे निळ्या ताऱ्याची, भविष्यवाणी जगभर पसरली ती अमेरिकी लेखक फ्रँक वॉटर्स यांच्या होपींवरच्या 1963 च्या पुस्तकातून. तेव्हापासून नवा धूमकेतू दिसला की कुणीतरी तोच तो तारा म्हणून दाखवतं.

नाचात घालायचे हेच मुखवटे 2013 च्या एप्रिलमध्ये पॅरिसला लिलावात निघाले. होपींनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेलं, पण लिलाव थांबला नाही. होपी या मुखवट्यांना ‘क्वात्सी’ म्हणतात, म्हणजे मित्र.