दशमीच्या संध्याकाळची मॅच

2025 सालच्या 5 जुलैच्या शनिवारी सगळं सोलापूर पंढरपूरकडं तोंड करून होतं. दशमी होती. सासूबाईंनी एकादशीचा साबुदाणा काढून ठेवलेला, आणि मी माझ्या फुटबॉल टीममधल्या चार पोरींसोबत एका मोबाइलला चिकटून थायलंडच्या चिआंग माईतली महिला फुटबॉलची मॅच बघत होते.

भारत आणि थायलंड, दोघांचे गुण सारखे, गोलफरकही सारखा. गटातून एकच संघ 2026 च्या आशियाई चषकाला जाणार. थायलंड तेव्हा जागतिक क्रमवारीत 46वा, दोन वर्ल्डकप खेळलेला. आपण 70वे. संगीता बासफोरनं पहिला गोल मारला तेव्हा पोरी अशा ओरडल्या की सासूबाई देवघरातून उठून आल्या. मध्यंतर संपतंय न संपतंय तोच थायलंडनं गोल फेडला. मग 74व्या मिनिटाला परत संगीताच! शिट्टी वाजेपर्यंत एकीनंही पाणी प्यायलं नाही. 2-1.

पात्रता फेरी खेळून आपल्या मुली पहिल्यांदाच आशियाई चषकात गेल्या. 2022 ला यजमान म्हणून जागा आयती होती. इराणशी 0-0 झाली, मग संघात कोरोना शिरला, पुढच्या मॅचला उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि स्पर्धेतूनच बाहेर. तेव्हा मी रडले होते. ही जागा मात्र कमावलेली आहे.

"अचानक कशा काय वर आल्या?" असं काहीजण विचारतात, तेव्हा जीव तुटतो. 1979 आणि 1983 ला ह्याच देशाच्या बायका आशियात दुसऱ्या आल्या होत्या. 2009 ला संघाला सामनेच नाहीत म्हणून फिफाच्या क्रमवारीतून नाव गळालं. पोरी होत्याच की ओ! खेळायला मॅच नव्हती. महिला लीग सुरू व्हायला 2017 उजाडलं.

आमच्याकडंही तेच. माझी गोलकीपर पूर्व भागातली. आई विड्या वळते, रात्री ही शेजारी बसून दोरा गुंडाळते. सकाळी ग्लोव्हज घालायच्या आधी बोटं हुंगते, तंबाखूचा वास गेला का बघायला. बूट भावाचे, पुढं चिंधी कोंबलेली. पण डाव्या बाजूला अशी झेपावते की बघत राहावं. वर्षभरात तिला खऱ्या मॅच मिळाल्या तीन. मैदान आम्हाला पहाटे साडेपाच ते साडेसहा. साडेसहाला मुलांचं क्रिकेट आलं की निघायचं, खेळ रंगात असला तरी. गेल्या महिन्यात तर आमचे सरावाचे प्लॅस्टिकचे कोन उचलून कडेला टाकले. तिनं ते एकेक करून गोळा केले, माती झटकली, काही बोलली नाही.

मला तिच्यासाठी बक्षीस नको, सत्कार नको. दर आठवड्याला एक मॅच हवी, पूर्ण नव्वद मिनिटांची.

ह्या रविवारी आमच्याच पोरींच्या दोन टीम पाडून खेळतोय. दोघी कमी पडतात. कुणाची लेक, भाची, पुतणी खेळत असेल तर पाठवा. बूट नसले तरी चालेल.