खरे लग्न केलेल्यांनी घ्यावयाची काळजी

परदेशी नागरिकाशी विवाह करून त्याच्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळवू इच्छिणाऱ्या वाचकांना पहिली सूचना अशी की, आपला विवाह शक्यतो खरा नसावा. खोटे लग्न करणारा मनुष्य साखरपुड्यापासूनच फायली लावतो, प्रत्येक भेटीचे तिकीट जपतो आणि छायाचित्रकाराला कोठे उभे राहावयाचे हे आधी सांगून ठेवतो. खरे लग्न करणारी माणसे मात्र त्या गडबडीत कार्यालयाची पावती हरवतात, आहेराच्या वहीत दुधाचा हिशेब लिहितात आणि नंतर तोंड वर करून म्हणतात, ‘लग्न झाले आहे, आणखी काय दाखवायचे?’

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरात परदेशी सोयरीक फार उशिरा आली. शेजारच्या चरोतर भागातले गुजराती लोक आफ्रिका करून लंडनला स्थिरावले, तरी आम्ही बडोद्याची मराठी मंडळी सयाजीरावांच्या अमदानीत पणजोबांना लागलेल्या नोकरीच्याच गोष्टी सांगत बसलो होतो. भाचीचे लग्न ब्रिटिश नागरिक असलेल्या, घरी मोडके मराठी बोलणाऱ्या मुलाशी ठरले तेव्हा आम्हाला वाटले की राजमहाल रोडवर कार्यालय घेतले, महापालिकेत नोंदणी केली, म्हणजे काम झाले. अलकापुरीतल्या व्हिसा सल्लागारांनी आमचा हा भ्रम अर्ध्या तासात दूर केला. त्यांनी शांतपणे समजावले की विवाह कायदेशीर असणे ही केवळ सुरुवात आहे; तो ‘खरा आणि टिकून असलेला’ आहे, अशी त्या देशाच्या अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते.

त्या खात्रीसाठी आम्ही अल्बम नेला होता. पहिल्याच पानावर सल्लागारांचे बोट थांबले.

‘यांच्यामध्ये चादर का धरली आहे?’

तो अंतरपाट होता. वधूवरांनी एकमेकांना पाहू नये म्हणूनच तो धरतात, हे आम्ही सांगितले. परंतु ज्या छायाचित्रात वधूवर एकमेकांना दिसतच नाहीत ते छायाचित्र परस्परपरिचयाचा पुरावा म्हणून कसे जोडावे, या त्यांच्या प्रश्नावर आमच्या भटजींकडेही उत्तर नव्हते. पुढच्या पानावर पाठवणी होती आणि भाची आईच्या गळ्यात पडून रडत होती. ‘हा तर काढाच, जबरदस्तीचा विवाह वाटेल.’ उरलेल्या छायाचित्रांत आमचे सगळे काका होते. तेव्हा वाचकहो, मंगलाष्टके चालू असताना अंतरपाटावरून डोकावून हसण्याचा सराव मुलीला आधीपासून द्यावा, आणि पाठवणीच्या वेळी कोणी रडणारच असेल, तर त्याला कॅमेऱ्यामागे उभे करावे.

लग्नपत्रिकेच्या बाबतीत तर आम्ही अक्षम्य चूक केली होती. कागद इंग्रजी किंवा वेल्श भाषेत नसेल तर त्याचे पूर्ण भाषांतर जोडावे लागते, असा ब्रिटनचा नियम आहे; म्हणजे आमचे व्याही मूळचे वेल्समधल्या कार्डिफचे असते तर त्यांची वेल्श पत्रिका आहे तशी चालली असती. मराठी पत्रिकेचे भाषांतर झाले तेव्हा वराच्या नावामागचे ‘चि.’ हे ‘अमर’ म्हणून उतरले आणि ‘चि. सौ. कां.’ ही अक्षरे वधूचे पहिले, दुसरे व तिसरे नाव ठरली. त्यात भर म्हणून, सासूबाईंच्या हौसेखातर ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहावयाचे वधूचे नवे नाव पत्रिकेत आधीच छापलेले होते. पासपोर्टावर एक मुलगी, पत्रिकेत दुसरी, आणि नवरा अमर. हौस करावी, पण ती तांदळापुरती ठेवावी.

पैशांविषयी मात्र त्या सरकारने कसलीही संदिग्धता ठेवलेली नाही, हे कौतुकाने नमूद केले पाहिजे. जुलै २०१२ पासून जोडीदाराला बोलावणाऱ्या नागरिकाचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असणे आवश्यक होते. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी ही रक्कम २९,००० पौंड झाली. उत्पन्न नसेल आणि केवळ शिलकीवर भागवावयाचे असेल, तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात हलू न देता ठेवावे लागतात. आमची भाची मकरपुऱ्यातील एका कारखान्यात बऱ्यापैकी पगार घेते. परंतु बाहेरून अर्ज करताना तिचा भारतातला पगार हिशेबातच धरत नाहीत, त्यामुळे सगळे लग्न त्या बिचाऱ्या जावयाच्या पगाराच्या चिठ्ठीवर तोलले गेले. पूर्वी मुलाचा पगार विचारला की आपल्याकडच्या सुधारकांना राग येत असे. आता तोच प्रश्न आपल्या वतीने एक अख्खे सरकार विचारते, म्हणून वधूपित्यांनी निश्चिंत राहावे. अर्जाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १,९३८ पौंड झाले. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे तेहतीस महिन्यांच्या व्हिसासाठी ३,१०५ पौंड, तोही आगाऊ. एवढे भरूनही क्षयाची तपासणी आपल्याच खर्चाने करावयाची असते.

अशा वेळी कोणी कुरकुर करू लागला तर त्याला जुने दिवस सांगावेत. जून १९९७ पर्यंत ब्रिटनमध्ये असा नियम होता की विवाहाचा मुख्य हेतू त्या देशात प्रवेश मिळवणे हा नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करावे. ज्याला तेथे जावयाचे नाही तो अर्ज कशाला करील, आणि ज्याने अर्ज केला त्याला जावयाचेच आहे हे उघड आहे. असे हे तर्कशास्त्र होते आणि आपल्याकडचे कित्येक ठरवून लग्न केलेले वर त्यात वर्षानुवर्षे अडकून पडले. त्याच्याही आधी, १९७९ मध्ये, हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची कौमार्यचाचणी घेतल्याचे वर्तमानपत्राने उघडकीस आणले होते. त्या मानाने आज केवळ बँकेचे उतारे मागतात.

व्हिसा मिळाला म्हणजे सुटलो, असे मात्र समजू नये. ते तेहतीस महिने संपण्याआधी मुदत वाढवून घ्यावयाची, पुन्हा शुल्क, पुन्हा पुरावे. पाच वर्षांनी कायमच्या वास्तव्यासाठी ‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा, पंचेचाळीस मिनिटांत चोवीस प्रश्न, त्यांपैकी अठरा बरोबर यावे लागतात. त्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकात आठव्या हेन्रीच्या सहा राण्या क्रमाने दिलेल्या आहेत. एकाच नवऱ्याशी पाच वर्षे प्रामाणिकपणे नांदल्याचे सिद्ध करू पाहणाऱ्या मुलीने, दोन राण्यांचा शिरच्छेद करविणाऱ्या आणि घटस्फोट अडला म्हणून पोपशी संबंध तोडणाऱ्या राजाचा संसार पाठ करावा, यात अवघड असे काही नाही. आपल्याकडच्या मुलींना सासरची माणसे क्रमाने पाठ करण्याची सवय असतेच.

सर्वांत मोठा पुरावा म्हणजे पतीपत्नींचा संवाद. लग्नानंतर जावई परत गेला आणि भाची बडोद्यात राहिली, त्या काळातले व्हॉट्सॲपवरचे संदेश आम्ही छापून घेतले. त्यात प्रेमाचा उल्लेख जवळपास नव्हता. ‘जेवलास का’, ‘हं’, ‘पाऊस आहे का’, ‘आहे’, ‘बरं’, ‘झोप आता’ असे पानामागून पान होते, आणि भाषांतरकार पानावर पैसे घेत असल्याने प्रत्येक ‘हं’ आम्हाला महागात पडला. तेव्हा आपण परदेशस्थ जोडीदाराला शक्यतो इंग्रजीत, पूर्ण वाक्यांत आणि दिनांक घालून आठवण काढावी.

सल्लागारांनी तो गठ्ठा चाळला आणि एका जागी पेन टेकवले. तारखा अकरावरून एकदम चौदावर गेल्या होत्या. मध्ये एकही संदेश नव्हता, फोनही नव्हता. संबंध खंडित झाल्यासारखे दिसते, असे ते म्हणाले. भाची बराच वेळ खाली पाहत राहिली. मग तिने सांगितले की त्या दोन दिवसांत त्यांचे भांडण झाले होते; तो तिच्या वाढदिवसाची तारीख विसरला होता आणि ती बोलत नव्हती.

‘उत्तम,’ सल्लागार म्हणाले, ‘तसे लिहून द्या.’

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन कोर्टाबाहेर बसणाऱ्या नोटरीकडे गेलो. त्यांनी मजकूर टंकलिखित केला, अबोल्याचा आरंभ व शेवट दिनांकासह घातला, अबोला परस्परसंमतीने होता की एकतर्फी असे विचारले, आणि ‘एकतर्फी’ म्हटल्यावर शिक्का मारून तिच्यापुढे सहीसाठी सरकवला.