देवघरातलं दार

आज दुपारी पुण्यातल्या एका बोर्डगेम कॅफेत शेजारच्या टेबलवर एका मुलीचं डीएम म्हणून, म्हणजे गोष्ट चालवणारी म्हणून, पहिलं सेशन चाललं होतं. डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायची गोष्ट, त्याची फिफ्थ एडिशन, चार खेळाडू, सगळे पहिल्या लेव्हलचे. गोष्ट तिने कोकणात आणली होती: खोताचा वाडा, देवघरामागे भुयार, भुयारात हरवलेला मुलगा. हाताने लिहिलेली बत्तीस पानांची वही. आणि खेळ देवघरात अडकला तो चाळीस मिनिटं जागचा हलला नाही.

भुयाराचं दार सापडायला इन्व्हेस्टिगेशनचा, म्हणजे शोधाशोधीच्या कौशल्याचा, एकच रोल (फाशाची एक फेक) ठेवला होता, डीसी १५, म्हणजे किमान १५ गाठायचे. विझार्डने, म्हणजे जादूगाराचं पात्र घेतलेल्याने, वीस बाजूंचा फासा टाकला. ४ पडले, पात्राच्या कौशल्याचे वरचे ३ मिळवून ७. झालं. मग भिंती ठोकून झाल्या, देव हलवून झाले, एक जण फोन काढून बसला. शेवटी तिनेच "बरं, सापडलं दार" म्हणून टाकलं. तोंड एवढंसं झालं होतं तिचं.

वर टेबलवरचा एक जुना खेळाडू तिला सांगतो, "तयारी कमी पडली. अजून डिटेलमध्ये लिहायला हवं होतंस."

बत्तीस पानं लिहिली होती पोरीने! अजून किती लिहायचं?

हा सल्ला वर्षानुवर्षं नवीन डीएमच्या माथी मारला जातोय आणि तो चुकीचा आहे. अधिक ३ वाल्याला डीसी १५ गाठायला फाशावर १२ किंवा जास्त लागतात, म्हणजे ४५ टक्के. त्या दारापलीकडची अख्खी गोष्ट एका फाशावर टांगलेली होती आणि तो फासा निम्म्याहून जास्त वेळा हरणारच होता. पन्नास पानं लिहिली असती तरी हेच झालं असतं.

जी गोष्ट सापडल्याशिवाय खेळ पुढे जाणार नाही, तिच्यासाठी रोल मागायचाच नाही. आणि तिच्याकडे नेणाऱ्या खुणा किमान तीन हव्यात. एक खेळाडूंच्या नजरेतून सुटते, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरी लागू पडते. त्याही तीन जातींच्या असाव्यात, एक वस्तूवर उमटलेली, एक हवेतून जाणवणारी, एक कुणाच्या वागण्यातून कळणारी. या देवघरातच बघा. सारवलेल्या जमिनीवर एक अर्धगोल ओरखडा, दार उघडताना घासून पडलेला, नवं सारवण त्याच्यावर नीट बसलेलं नाही. खोलीला खिडकी नाही, तरी समईची ज्योत एकाच बाजूला कलते. आणि वाड्यातला गडी तिन्हीसांजेनंतर देवघराचा उंबरा ओलांडत नाही. ओरखडा तर रोलशिवाय सांगायचा. फिफ्थ एडिशनच्या मूळ, २०१४ च्या नियमांत पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे फासा न टाकता सहज काय नजरेत येतं त्याचा आकडा, आहे ते यासाठीच, १० अधिक ज्याचं त्याचं मॉडिफायर (कौशल्याचे वरचे गुण). सेशनच्या आधी चौघांचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून ठेवले की काम झालं.

मग रोल कशासाठी? किमतीसाठी. १५ गाठले तर दार आवाज न करता उघडलं. नाही गाठले तरी उघडलं, पण बिजागरी करकरली आणि माडीवर खोत जागा झाला. किंवा शोधण्यात तासभर गेला, कंदिलातलं तेल अर्ध्यावर आलं. फासा हरला तरी टेबलवर काहीतरी घडलं पाहिजे. "काही सापडत नाही" हे उत्तर देऊन डीएम गप्प बसला की टेबल मेलं.

असाच घोळ लपूनछपून जातानाही होतो. चौघांना वेगवेगळा स्टेल्थ (लपण्याचा रोल) टाकायला लावायचा आणि एक जरी चुकला तरी सगळे पकडले. प्रत्येकाची शक्यता ६० टक्के धरा, चौघंही सुटण्याची शक्यता फक्त १३ टक्के उरते. नियमांत ग्रुप चेक आहे, निम्मे पास तर सगळे पास. त्याने तीच शक्यता ८२ वर जाते. फासे तेच, माणसं तीच.

हो, हातातून काही गोष्टी निसटायलाच हव्यात, नाहीतर तपासाला अर्थ नाही, मान्य. खोताचं गुपित, गाडलेलं सोनं, जुनं पत्र, हे खुशाल निसटू दे. मुलापर्यंतची वाट निसटून चालणार नाही.

आणि तयारी करायचीच तर आकड्यांची करा. भुयारात तिने गॉब्लिनचे, म्हणजे नियमांतल्या एका छोट्या राक्षसाचे, आकडे घेऊन भुतावळ उभी केली होती. हे उत्तमच, नाव आणि रूप बदलायचं, आकडे तेच ठेवायचे. पण ठेवले चार. पहिल्या लेव्हलच्या चौघांसमोर चार गॉब्लिन म्हणजे २०१४ च्या हिशेबात ५० गुणिले ४, संख्येमुळे दुप्पट, ४०० एक्सपी (लढत किती अवघड ते मोजायचे गुण). थेट 'डेडली', म्हणजे जीवघेणी. एका फटक्याला सरासरी ५ हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजायचे गुण) जातात आणि विझार्डकडे असतात सात-आठ. दुसऱ्या फटक्याला तो आडवा. तीन ठेवले असते तरी लढत 'हार्ड'च झाली असती, घाम फुटला असता तो वेगळाच. त्या जुन्या खेळाडूने हे सांगायला हवं होतं. पेन्सिलीने दोन मिनिटांचं काम होतं.

राग निवला माझा थोडा. तिची वही मी मागून बघितली. खोताच्या घराण्याचा चार पिढ्यांचा इतिहास आहे त्यात, सुरेख लिहिलाय. लिहिण्यात तिला आनंद मिळाला असेल तर तोही खेळाचाच भाग. फक्त टेबलवर घेऊन बसायचं ते एक पान हवं. कोणाला काय हवंय, तीन खुणा, आयत्या वेळी लागतात म्हणून पाच-सहा नावं, आणि पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने, काहीच केलं नाही तर रात्री काय होईल, तेवढं.

अगं, वही टाकू नकोस. चौदाव्या पानावरच्या त्या गड्याला पहिल्याच प्रसंगात आण. दिवेलागणीला तो तेलाची बुधली घेऊन येतो, उंबऱ्याशी थांबतो आणि समई लावायला पार्टीतल्याच कुणालातरी आत पाठवतो.