सोलापुरात डोंगर नाहीत म्हणून चालायचंच नाही का?

दसरा झाला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो माहेरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि पोरीच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर असा तीनदा आला. त्यात काय आहे तर, ट्रेकिंग हे पुण्या-नाशिकवाल्यांचं काम, सोलापुरात डोंगरच नाहीत; ऑक्टोबर हीटमध्ये लेकरांना बाहेर नेणं म्हणजे आजारपण ओढवून घेणं; चढउतार करून पोरांचे आणि आजी-आजोबांचे गुडघे जातात; गवतात साप असतात; आणि आठवड्यातनं एकदा चालून काही होत नाही, त्यापेक्षा ट्रेडमिल आणा आणि घरातच रोज दहा हजार पावलं पूर्ण करा. लोकं न वाचता पुढं ढकलतायत. गेली चार वर्षं आम्ही घरचे पाच जण, आईंना म्हणजे सासूबाईंना धरून, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत जमेल त्या रविवारी चालायला जातो, त्यामुळं मला हे वाचून गप्प बसवत नाही.

डोंगराचंच आधी घेऊ. सह्याद्रीसारखे कडे आपल्याकडं नाहीत, कबूल. पण चालायला कडे कशाला लागतात? कोजागिरीला तुळजापूरच्या रस्त्यावर उभं राहून बघा. सोलापुरातनं आणि पार कर्नाटकातनं आलेली माणसं रात्रभर चालत असतात, सोलापूरपासनं पंचेचाळीसेक किलोमीटर, आणि शेवटी पाय भरून आलेले असताना बालाघाटचा घाट चढून देवीपुढं उभी राहतात, त्यात साठीच्या बायका असतात, शाळेतली पोरं असतात, कित्येकजण अनवाणी असतात. ज्या गावची माणसं हे पिढ्यान् पिढ्या करतायत त्या गावाला "ट्रेकिंग आपलं काम नाही" असं सांगायचं?

आणि जागा म्हणाल तर नळदुर्ग आहे की, तासाभराच्या अंतरावर. तटाला जवळपास तीन किलोमीटरचा घेरा आहे, उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढल्या की धाप लागतेच, आणि बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटातला पाणीमहाल बघायला पोरं स्वतःहून पळत पुढं जातात, त्यांना "चला चला" म्हणावं लागत नाही. ज्यांना चढ नको त्यांनी हत्तरसंग कुडलला जावं. तिथं भीमा आणि सीना मिळतात, नदीकाठानं सपाट चालणं होतं, आणि 1018 सालचा "वाचि तो विजेया होईवा" हा मराठी शिलालेख तिथलाच. माझ्या पोरीनं ते अक्षर न् अक्षर बोट फिरवल्यासारखं हवेत गिरवत वाचलं होतं. थोडं लांब जायची तयारी असेल तर येडशीचं रामलिंग, दरी आणि झाडी दोन्ही. फक्त खाऊची पिशवी हातात धरू नका, माकडं ओढून नेतात. अगदीच वेळ नसेल तर हिप्परग्याचा तलाव आहेच. नान्नजला मात्र ट्रेक म्हणून जाऊ नका. ते माळढोकचं अभयारण्य आहे, माळढोक जमिनीवर अंडी घालतो आणि आता हाताच्या बोटावर मोजण्याइतकासुद्धा दिसत नाही, तिथं वनविभागाला विचारून, ते सांगतील त्याच वाटेनं फिरायचं.

आता ऑक्टोबर हीट. उन्हाचा त्रास खरा आहे, मी स्वतः भोगलाय. पहिल्या वर्षी आम्ही आरामात नाश्ता करून निघालो, साडेदहाला तटावर पोचलो, वर सावलीचा पत्ता नाही, बारक्याचं डोकं दुखायला लागलं आणि त्याला उलटी झाली. फार घाबरले मी. पण चूक महिन्याची नव्हती, वेळेची होती. पाऊस माघारी गेला की आभाळ मोकळं होतं आणि ऊन थेट लागतं, त्यात जमिनीत ओल असते म्हणून घुसमटल्यासारखं होतं. हा सगळा तमाशा दहानंतरचा. आता आम्ही साडेपाचला घर सोडतो, उजाडता उजाडता चालायला लागतो आणि साडेनऊला सावलीत बसून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खातो. कडक भाकरी ह्या कामाला एक नंबर, खराब होत नाही, चुरगळली तरी चालते. टोपी, प्रत्येकाची वेगळी पाण्याची बाटली, पाव-अर्ध्या तासानं दोन घोट तहान नसली तरी, आणि ओआरएसची दोन पाकिटं. पोर गप्प झालं, चिडचिड करायला लागलं की तिथंच थांबायचं. मे महिन्यात बेचाळीसचा पारा सोसणाऱ्या गावानं ऑक्टोबरची सकाळ घरात बसून घालवावी हे मला पटत नाही, आणि नोव्हेंबर लागला की तर पहाटे स्वेटर लागतो.

गुडघ्यांचं म्हणणं पोरांच्या बाबतीत सरळ चुकीचं आहे. वाढत्या वयात चालणं, पळणं, चढणं यानंच हाडं भरतात. मोठ्यांचं वेगळं. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांनी डॉक्टरांना विचारावं, कारण चढताना येतो त्यापेक्षा जास्त भार उतरताना येतो. आमच्या आई बुरुजावर येत नाहीत, खाली सपाटीवर काठी घेऊन त्यांच्या चालीनं फिरतात. पहिल्या वर्षी वीस मिनिटांत बसायच्या, आता तासभर चालतात. मांड्यांत ताकद आली की गुडघ्यावरचा ताण कमी होतो, हे फिजिओथेरपीवाले आधीपासून सांगतायत.

दहा हजार पावलांचा आकडा आला कुठनं? 1965 साली जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलं, तिथनं तो पसरला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, रविवारच्या तीन तासांत ते होऊन जातं. पोरांना मात्र रोज सरासरी तासभर हालचाल लागते, ते रविवारवर भागत नाही, त्यांना रोज संध्याकाळी खाली खेळायला सोडायलाच पाहिजे. ट्रेडमिलवर घरातलं एकच माणूस चालतं आणि बाकीचे मोबाईल बघतात. शिवाय दगडाधोंड्यांवर घोट्याला आणि तोलाला जो व्यायाम होतो तो पट्ट्यावर होत नाही.

साप. इथं मेसेज अर्धा खरा आहे. आपल्या खडकाळ माळावर फुरसं असतं, घोणस असते, नाग आणि मण्यारही. म्हणून घोट्यापर्यंतचे बूट आणि फुल पँट घालायची, दगडाखाली हात घालायचा नाही, पुढं मोठ्या माणसानं चालायचं. कुणाला चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं तर अजिबात नाही. तो पाय हलू द्यायचा नाही, 108 ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना, या चारही सापांच्या विषावरचं इंजेक्शन एकच असतं. चार वर्षांत आम्हाला साप एकदाच दिसला, लांबून, आम्ही थांबलो आणि तो निघून गेला. कमरेएवढं गवत असलेली वाट दिसली की आम्ही मागं फिरतो, जानेवारीत ते वाळून बसलं की तीच वाट परत धरतो.