डावीकडचा माणूस

तीन वर्षांपूर्वी दिवे घाटात काढलेला एक फोटो मी इथे टाकला होता. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघालेली, आभाळ भरून आलेलं, आणि डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी चढण चढतेय. डाव्या कडेला एक माणूस आहे, अर्धवट तिच्याकडे वळलेला. मागे पताका आणि ओला रस्ता. पाय कोणाचेच दिसत नाहीत, गर्दीत झाकलेत.

फोटोखाली मी मोठ्या उत्साहाने कॅमेऱ्याचं नाव, लेन्सचं नाव आणि सगळे आकडे लिहिले होते. दोन दिवसांत पन्नासेक कमेंट आल्या. 'एक नंबर मॅडम.' 'रंग बघा, या कॅमेऱ्याचे रंगच वेगळे.' 'सेकंडहँड कितीला मिळाला?' 'लेन्स कोपऱ्यात जरा सॉफ्ट वाटतेय.' एकाने लिहिलं, 'डावीकडचा माणूस क्रॉप करा, नजर तिकडे जाते.' त्याला अकरा लाइक होते.

तिसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंची कमेंट आली. बाई आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी एवढंच विचारलं होतं, 'अगं, त्या डावीकडच्या माणसाच्या हातात काय आहे?'

मी फोन उघडून फोटो मोठा करून बघितला. चपला होत्या. पन्नास कमेंटा झाल्या होत्या, फोटो माझा होता, मी तो किमान शंभर वेळा बघितला होता, आणि त्या माणसाच्या हातात चपला आहेत हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी फोटोखाली कॅमेऱ्याचं नाव लिहिणं बंद केलं. बरेच जण इनबॉक्समध्ये विचारतात, म्हणून आज कारण सविस्तर लिहितेय.

माझ्याकडे डिजिटल रेंजफाइंडर आहे एवढं सांगते, कारण मुद्दा त्याच्याशीच जोडलेला आहे. ज्यांनी हा प्रकार हाताळला नाही त्यांच्यासाठी: यात आपण लेन्समधून बघत नाही. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातल्या एका काचेच्या खिडकीतून बघतो. त्या दृश्याच्या मधोमध एक उजळ चौकोन असतो. त्यात शेजारच्या दुसऱ्या, लहान खिडकीतून आलेली प्रतिमा उमटते. लेन्सची रिंग फिरवली की ती प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर चपखल बसल्या की फोकस जुळला. हे काम आपल्या डोळ्याने आणि बोटाने करायचं, ऑटोफोकस नाही. १९३२ मध्ये लायका या जर्मन कंपनीच्या कॅमेऱ्यात ही जोडणी लेन्सशी थेट आली, आणि आजच्या लायकाच्या 'एम' मालिकेतल्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांतही तत्त्व तेच आहे.

माझ्या दृष्टीने खरी गंमत फोकसच्या पलीकडे आहे. फोटोत नेमकं काय येणार हे दाखवणारी एक पांढरी चौकट त्या खिडकीत तरंगत असते, आणि तिच्या बाहेरचंही दिसत राहतं. कोण चौकटीत शिरायच्या बेतात आहे, कोण बाहेर पडतंय, ते आधीच कळतं. घाटात मी ३५ एमएमची लेन्स लावून, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, ८ वर ठेवून, अंतर तीन मीटरवर बसवून उभी होते. लेन्सवरच्या खुणांनुसार अशा वेळी पावणेदोन-दोन मीटरपासून सातेक मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं, प्रत्येक वेळी रिंग फिरवावी लागत नाही. आजी चौकटीत होती. डावीकडून तो माणूस येताना मला चौकटीबाहेर दिसला. मी थांबले. तो रेषेच्या आत आला, त्याने मान वळवली, आणि मी बटण दाबलं.

म्हणजे तो माणूस फोटोत चुकून आलेला नव्हता. त्याच्यासाठी मी दोन श्वास थांबले होते. आणि अकरा जणांना तो कापून टाकावासा वाटला, कारण मी स्वतःच सगळ्यांची नजर कॅमेऱ्यावर नेऊन ठेवली होती. दोष त्यांचा कमी, माझ्या कॅप्शनचा जास्त. पाटावर बसलेल्याला आधी भांड्याची किंमत सांगितली तर तो चवीबद्दल काय बोलणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की रेंजफाइंडरने काढलेला फोटो म्हणजे कुठे उभं राहिलो आणि किती थांबलो याचा हिशेब असतो. झूम नाही, झरझर फोकस बदलणं नाही. जवळची गोष्ट हवी असेल तर पायांनी जवळ जायचं. बहुतेक लेन्स सत्तर सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाहीत, म्हणजे अगदी खेटायचीही सोय नाही. मग चर्चा करायची तर त्याची करू या. तुम्ही रस्त्याच्या कुठल्या बाजूला होतात? उजेड कुठून येत होता? याच्या आधीचा आणि नंतरचा फोटो कसा होता, आणि तुम्ही हाच का निवडलात? चौकटीबाहेर काय होतं जे तुम्ही सोडलंत? असं कोणी विचारलं की मी तासभर बोलू शकते. 'कोणती लेन्स' याचं उत्तर मात्र दोन शब्दांत संपतं.

यंत्राबद्दल बोलूच नये असं मात्र मला अजिबात वाटत नाही. २००४ साली एप्सनचा आर-डी१ आला, पहिला डिजिटल रेंजफाइंडर. सहा मेगापिक्सेलचा, आणि दर फोटोआधी शटर भरायला फिल्मच्या कॅमेऱ्यासारखी दांडी ओढायची. वर घड्याळासारखे काटे, किती फोटो उरले ते दाखवणारे. त्याबद्दल वाचताना मी आजही हरखून जाते. २००६ मध्ये लायका एम८ आला, तेव्हा तर लोकांनी फोटो एकमेकांना दाखवले म्हणूनच एक मोठी गोष्ट उघड झाली. काळे कृत्रिम धाग्याचे कपडे फोटोत जांभळट यायला लागले होते. रेंजफाइंडरच्या लेन्स सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, अगदी जवळ बसतात, कडेच्या भागात किरण फार तिरके पडतात, म्हणून सेन्सरवरची काच पातळ ठेवलेली होती. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश आत शिरत होता. कंपनीने ते मान्य करून ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर दिले. ही चर्चा सुरू कशी झाली? कोणीतरी फोटो बघत होतं. 'हा कोट तर काळा होता' असं कोणाच्या तरी लक्षात आलं. कोट बघितला म्हणून सेन्सर कळला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे तो उलटा झालाय.

रंगांवरून होणारे वाद त्याच उलट्या क्रमाचे. २००९ चा एम९ हा पहिला फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला, डिजिटल रेंजफाइंडर. त्यात सीसीडी प्रकारचा सेन्सर होता. पुढे सीमॉस या दुसऱ्या प्रकारचे आले. तेव्हापासून 'सीसीडीचे रंग' हा जप चालू आहे. माझा अनुभव असा की रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाईल, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, रंगांच्या कोणत्या प्रोफाइलने उघडली याने रंगात जो फरक पडतो, तो बऱ्याचदा सेन्सरच्या फरकाला झाकून टाकतो. त्याहून मोठा फरक दिवसाच्या वेळेचा. दिवे घाटात ढग होते म्हणून आजीच्या लुगड्याचा हिरवा तसा आला. बारा वाजताच्या उन्हात तो कुठल्याच सेन्सरवर तसा आला नसता.

आता फोटोच्या आकाराबद्दल, कारण बाईंच्या प्रश्नाचं मूळ मला तिथे सापडलं. फोन उभा धरला की आडवा फोटो जेमतेम सात सेंटिमीटर रुंद दिसतो. सात सेंटिमीटरमध्ये चपला दिसत नाहीत. याच्या उलट टोकाला आमची काही मित्रमंडळी फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करून बघतात आणि सांगतात, 'डोळा शार्प नाही.' साध्या मॉनिटरवर इंचाला शंभरेक पिक्सेल असतात. १८ मेगापिक्सेलची फाईल अशी बघितली तर ती सव्वाचार फूट रुंदीच्या चित्राचा तुकडा बघण्यासारखी होते. २०२२ च्या एम११ ची ६० मेगापिक्सेलची फाईल तर जवळजवळ आठ फूट. आठ फुटी चित्राला नाक लावून कोण बघतं? लेन्सवरच्या त्या अंतराच्या खुणा फिल्मच्या काळात, बेताच्या आकाराच्या प्रिंटचा अंदाज धरून ठरलेल्या आहेत. त्या खोट्या नाहीत, आपण बघण्याची रीत बदलली आहे.

म्हणून मी आठ बाय बारा इंचाची प्रिंट काढते. आम्ही चौघीजणी महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो. प्रत्येकीने तीन प्रिंट आणायच्या, त्यातली एक फसलेली. जेवणाच्या टेबलावर मांडायच्या आणि पहिली पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. पाच मिनिटं फार मोठी असतात. दुसऱ्या मिनिटाला वाटतं बघून झालं, आणि चौथ्या मिनिटाला कोपऱ्यातलं पोर दिसतं. फसलेल्या प्रिंटवर सगळ्यात जास्त बोलणं होतं. माझी एक होती मंडईतली, लिंबूवालीची. फोकस तिच्या चेहऱ्याऐवजी तराजूच्या साखळीवर बसलेला. खिडकीतून बघताना तर सगळंच लख्ख दिसतं, काय धूसर येणार याची या कॅमेऱ्यात आधी कल्पनाच येत नाही. मैत्रीण म्हणाली, 'तू तिच्या हाताकडे बघत होतीस गं, चेहऱ्याकडे नाही.' खरं होतं. मी तिथे उभी असताना मला तिचे हातच आवडले होते, आणि ते मला त्या दिवशी टेबलाशी बसल्यावर कळलं.

एक गोष्ट लिहिताना मला त्रास होतोय, पण लिहिते. मागे एका मुलाने मला मेसेज केला. तो एसटीने रोज कॉलेजला जातो आणि खिडकीतून फोनवर फोटो काढतो. त्याने मला वीसेक पाठवले. त्यातले तीन माझ्या कुठल्याही फोटोपेक्षा चांगले होते. मी म्हटलं, टाकत का नाहीस? तो म्हणाला, 'ताई, तुम्ही सगळे जिथे कॅमेऱ्यांची नावं लिहिता तिथे फोनचा फोटो कसा टाकू?' या कॅमेऱ्यांची किंमत लाखांत जाते. आपण फोटोखाली नाव लिहितो तेव्हा आपल्याला ती माहिती वाटते, पण बाहेर उभ्या असलेल्याला ती दारावरची पाटी दिसते. त्या पाटीमुळे एक चांगली नजर आपल्याला बघायलाच मिळाली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि ज्यांचा फोटो काढतो त्यांचं काय? हे कॅमेरे लहान, आवाज कमी. 'काढला तरी समोरच्याला कळलं नाही' असं लोक अभिमानाने लिहितात. मला तो अभिमान पटत नाही. घाटात मी बटण दाबल्यावर आजीने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'काढला का फोटू? आमाला कवा दावशील?' मी तिच्या दिंडीतल्या एकाकडून पत्ता लिहून घेतला. परभणी जिल्ह्यातलं गाव. आणि तो पत्ता माझ्या वहीत वर्षाहून जास्त तसाच पडून राहिला. इथे पन्नास जणांना फोटो दाखवून झाला होता, आणि जिने मागितला होता तिलाच दाखवायचा राहिला होता. पुढच्या दिवाळीत एकदाची आठ बाय बाराची प्रिंट पुठ्ठ्यात घालून पोस्टाने पाठवली, मागे माझा नंबर लिहून.

पंधरा दिवसांनी एका मुलाचा फोन आला. 'काकू, आमच्या आजीला बोलायचंय.' मग आजी.

'माय, फोटू भेटला बघ.' मग थोडा वेळ शांतता. ती प्रिंट बघत असावी. 'ह्या डाव्या अंगाच्या माणसाच्या हातात माझ्या चपला हायत. पायाला फोड आले व्हते, घाटात काढल्या. वाकून उचलाव्या तर डोक्यावर तुळस. ह्यानं उचलल्या अन् पार सासवडपर्यंत आणून देल्या. कोण कुठला, इचारलं बी न्हाई. तुझ्याकडं हाय का त्याचा पत्ता? एक फोटू त्याला बी धाड.'

पत्ता नाही. दुसरी प्रिंट काढून ठेवली आहे. गेल्या आषाढीला ती पिशवीत घालून घाटात गेले होते, तो दिसला नाही. यंदाही नेणार आहे. तोच फोटो आज इथे परत टाकतेय, न कापता. डावीकडच्या माणसाला कोणी ओळखत असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा.